वाहते पाणी, चालता समुदाय आणि जयणा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चिंचपाडा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

पाणी गाळून वापरण्याचा संस्कार जैन घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हंड्याच्या तोंडावर दुहेरी वस्त्र बांधायचे आणि त्यावर पाणी ओतायचे, हे प्रत्येक श्राविकेच्या हाताला सवयीचे असते. पाणी बेताने ओतले तर थेंब न्‌ थेंब खाली उतरतो. घाईने घागर उपडी केली तर वस्त्रावर पाणी तुंबते आणि काठावरून बाहेर सांडते. वस्त्र तेच असते, पाणीही तेच असते. फरक पडतो तो ओतणाऱ्या हाताने. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे या घरगुती अनुभवाचाच विस्तार आहे. पाण्याच्या जागी माणसे, वस्त्राच्या जागी दरवाजा, जिना किंवा गल्ली, आणि ओतणाऱ्या हाताच्या जागी कार्यक्रमाचे आयोजक, असे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की पुढचे सारे विवेचन सोपे होईल.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी असा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. महोत्सव म्हटला की वरघोडा आला, पूजन आले, चढावे आले, स्वामीवात्सल्य आले आणि शेवटी प्रभावना आली. या प्रत्येक प्रसंगी शेकडो माणसे एकाच वेळी एकाच दिशेने निघतात. मुंगीचाही जीव जपणाऱ्या समाजाच्या मंडपात एखाद्या बालकाचा किंवा वृद्धाचा श्वास गर्दीत कोंडला, तर त्या दिवसाच्या पुण्याचा हिशेब कसा मांडावा? म्हणून आनंदाच्या दिवशीच हा विचार करणे हिताचे आहे.

आवक, जावक आणि शिल्लक

वाहत्या पाण्याचा पहिला नियम व्यापारी समाजाला वेगळा शिकवावा लागत नाही. नदीच्या किंवा नळाच्या एखाद्या भागात जेवढे पाणी येते तेवढे बाहेर पडले पाहिजे. न पडल्यास उरलेले तेथेच साचते. रोजमेळाची हीच रीत आहे. आवक वजा जावक बरोबर शिल्लक. दुकानात शिल्लक वाढली तर मालक समाधानाने झोपतो. जिन्यावर माणसांची शिल्लक वाढू लागली तर मात्र आयोजकाने त्याच क्षणी जागे झाले पाहिजे.

पाणी दाबले जात नाही. म्हणून पात्र अरुंद झाले की ते वेग वाढवते आणि तेवढेच पाणी पुढे नेते. प्रकाशे येथे तापीचे पात्र रुंद आहे, तेथे पाणी संथ दिसते. नदी जेथे अरुंद खडकांतून जाते तेथे ती धावते. माणसांचे याच्या उलट घडते. वाट अरुंद झाली की माणूस वेग वाढवत नाही, तो कमी करतो; कारण त्याला पाऊल टाकायला जागा लागते. म्हणजे नेमक्या अडचणीच्या ठिकाणी पाणी स्वतःची सुटका करून घेते आणि समुदाय स्वतःला अधिक अडकवून घेतो. पाण्याची आणि माणसांची तुलना करताना हा भेद विसरता कामा नये.

पाण्यालाही मर्यादा आहेच. पुलाच्या मोऱ्या अपुऱ्या पडल्या की पाणी मागे चढते आणि वाट मिळेल तिकडे घुसते. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीला आलेल्या महापुराची आठवण नवापूर तालुक्यात अद्याप पुसलेली नाही. नदी तीच होती, काठ तेच होते. आवक मात्र पात्राच्या कुवतीबाहेर गेली होती.

कापड घेताना नुसती लांबी पाहून चालत नाही, पन्हाही पाहावा लागतो. वाटेचेही तसेच आहे. सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून एका मिनिटात सुमारे ८२ माणसे सुरक्षितपणे बाहेर पडू शकतात आणि जिन्यावरून सुमारे ६६, असा हिशेब ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या सुरक्षाविषयक मार्गदर्शिकेत धरलेला आहे. सभागृहात ६०० माणसे आहेत आणि दार एकच, एक मीटर रुंदीचे आहे, असे समजू. सर्वांना बाहेर पडायला सात मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. आता त्याच दारात चपला-बुटांचा ढीग पडून निम्मी रुंदी अडली, तर मिनिटाला केवळ ४१ माणसे बाहेर पडतील आणि तोच वेळ जवळजवळ पंधरा मिनिटे होईल. मंडपात ठिणगी पडली तर हा सात आणि पंधरा मिनिटांमधला फरक जीवन-मरणाचा ठरू शकतो. आणि तो फरक केवळ चपला कोठे काढल्या यावर अवलंबून असतो.

समुदाय पाण्यासारखा केव्हा होतो?

माणसांचा समूह आणि प्रवाही पदार्थ यांतील साम्य ही केवळ कविकल्पना नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधक हेंडरसन यांनी १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात गर्दीतील माणसांच्या वेगाची तुलना वायूतील कणांच्या वेगाशी केली होती. त्याच्याही फार आधी, १८८३ मध्ये, मँचेस्टर येथील ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून एक प्रसिद्ध प्रयोग केला होता. पाणी संथ असेपर्यंत रंगाची रेघ सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती रेघ विस्कटली आणि साऱ्या नळीत रंग पसरला. शिस्तीचा प्रवाह आणि खळबळीचा प्रवाह यांच्यामध्ये एक सीमा असते, हे त्यातून दिसले.

गर्दीत ही सीमा वेगाची नसून दाटीची असते. सव्वातीन फूट लांब आणि तेवढ्याच रुंद, म्हणजे एक चौरस मीटर जागेत दोन माणसे असतील तर ती मोकळेपणाने उभी राहतात. चार झाली की चालणे कठीण होते. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायांचा धनी राहत नाही. त्या दाटीत समुदाय जवळजवळ द्रवासारखा वागतो, असे अमेरिकन अभियंते जॉन फ्रुइन यांनी नोंदवले आहे. एका टोकाला बसलेला धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकापर्यंत जातो. माणसे उचलली जातात आणि काही फूट दूर नेऊन सोडली जातात. अशा दुर्घटनांनंतर लोखंडी कठडे वाकलेले आढळतात. त्यासाठी साडेचारशे किलो वजनाहून अधिक जोर लागतो. हा जोर कोणा एका दांडगट माणसाचा नसतो. शेकडो साध्या माणसांनी एकमेकांवर टाकलेल्या थोड्या थोड्या भाराची ती बेरीज असते.

१२ जानेवारी २००६ रोजी मक्केजवळील मीना येथे यात्रेकरूंच्या गर्दीत ३४० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळच्या कॅमेऱ्यातील चित्रणाचा अभ्यास डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. प्रथम संथ प्रवाह, मग थांबत-चालत पुढे सरकणाऱ्या लाटा आणि शेवटी सर्व दिशांना खेचणारी खळबळ, असे तीन टप्पे त्यांना दिसले. म्हणजे संकट अचानक कोसळत नाही. ते आधी दवंडी पिटते. माणसे एक पाऊल चालतात, थांबतात, पुन्हा चालतात, अशी लाट दिसू लागली की दवंडी पिटली गेली असे समजावे आणि मागची आवक तत्काळ थांबवावी. स्पेनमधील पांप्लोना शहराच्या उत्सवातील गर्दीवर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असेच दिसून आले की, ठरावीक दाटीपलीकडे शेकडो माणसांचे गट कोणाचीही इच्छा नसताना सुमारे १८ सेकंदांच्या तालात गोल डोलू लागतात.

आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ‘चेंगराचेंगरी’ या शब्दामुळे पायदळी तुडवले जाऊन मृत्यू येतो, अशी समजूत होते. प्रत्यक्षात बहुतेक मृत्यू छातीवर चारी बाजूंनी दाब पडून श्वास घेता न आल्यामुळे होतात. कित्येकांचा प्राण उभ्या-उभ्याच जातो. त्यातही उंचीने लहान मुले आणि अशक्त वृद्ध आधी बळी पडतात.

महाराष्ट्राने मोजलेली किंमत

हे सारे दूरदेशीचे वाटू नये म्हणून आपल्या राज्यातील काही घटना स्मरणे आवश्यक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे गोवारी समाजाच्या मोर्चात ११४ जणांचा बळी गेला. त्यांत स्त्रिया आणि मुलांची संख्या मोठी होती. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या वाटेवर ३९ भाविकांचा अंत झाला. उधळलेली नाणी वेचण्यासाठी काही जण वाकले आणि मागचा लोंढा त्यांच्यावर आला, असे त्या वेळी सांगण्यात आले.

२५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या दिवशी, सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत सुमारे २९० भाविक मृत्युमुखी पडले. डोंगरावरील मंदिर, चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकाने आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, असे त्या स्थळाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात दुकानांना आग लागली आणि सिलिंडरचे स्फोट झाले. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. नारळ श्रद्धेने वाहिलेला होता. पायरीवर सांडलेल्या पाण्याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या, पादचारी पुलावर २३ प्रवासी दगावले. ते यात्रेकरू नव्हते, मोर्चेकरी नव्हते. रोज त्याच जिन्याने कामाला जाणारी माणसे होती. त्या सकाळी पावसाची सर आली. पुलावरची माणसे आडोशाला थांबली. जावक थांबली, गाड्या येतच राहिल्या, त्यामुळे आवक चालू राहिली. रोजमेळाच्या भाषेत सांगायचे तर काही मिनिटांतच शिल्लक कुवतीबाहेर गेली. फुले पडल्याचा आवाज ‘पूल पडला’ असा ऐकला गेला आणि घबराट वाढली, अशीही माहिती नंतर पुढे आली. पुढे लष्कराने तेथे नवा पूल उभारला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला.

जैन समाजही यातून सुटलेला नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात बडौत येथे निर्वाण महोत्सवाच्या वेळी लाकडी मचाणाचा जिना कोसळून ७ भाविकांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. निर्वाण लाडू अर्पण करण्यासाठी भाविक त्या मचाणावर चढत होते. तात्पुरता मंच किंवा जिना उभारताना त्यावर एका वेळी किती माणसे चढणार याचा भार धरलाच पाहिजे, हा धडा तेथे फार मोठ्या किमतीला मिळाला.

दोष कोणाचा?

अशी घटना घडली की ‘लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते सोयीचे आहे. कारण त्यामुळे व्यवस्थेला प्रश्न विचारले जात नाहीत. परंतु अभ्यास वेगळे सांगतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढे काय घडत आहे हे दिसत नाही. त्याला वाटते, रांग हळू सरकत आहे, थोडे पुढे व्हावे. तो अर्धे पाऊल पुढे टाकतो. त्याच्या मागचाही तेच करतो. दाब मागून पुढे जातो, पण पुढची किंकाळी मागपर्यंत पोहोचत नाही. यात दुष्टावा कोणाचाच नसतो. असते ते अज्ञान.

इंग्लंडमधील हिल्सबरो क्रीडांगणावर १५ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या दुर्घटनेत एकूण ९७ जणांचे प्राण गेले. प्रेक्षकांच्या बेशिस्तीलाच दोष देण्याचा प्रयत्न अनेक वर्षे झाला. मृतांच्या आप्तांनी सत्तावीस वर्षे चिकाटीने लढा दिला आणि २०१६ मध्ये ज्यूरीने प्रेक्षकांकडे दोष नसल्याचा निर्णय दिला. दोष दाटी वाढू देणाऱ्या व्यवस्थेकडे गेला.

घाईचाही येथे विचार करावा. धान्याच्या कोठीचे तोंड एकदम उघडले तर दाणे एकमेकांत अडकून तोंडाशी कमान धरतात आणि धान्य बाहेर पडत नाही. दारातून एकदम घुसणारी माणसेही अशीच कमान धरतात. जितकी घाई जास्त, तितके बाहेर पडणे मंद, असे हेल्बिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये गणिताने दाखवून दिले. सावकाश चालणारा समुदाय लवकर बाहेर पडतो.

पाण्याला डोळे नाहीत आणि विवेकही नाही. माणसाला दोन्ही आहेत. साधु-साध्वी भगवंत पुढची साडेतीन-चार हात भूमी पाहत पाऊल टाकतात, तीच ईर्यासमिती. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, एका चौरस मीटरमध्ये सात माणसे उभी राहिली तर पुढची अर्धा हात भूमीही दिसत नाही. तेथे उत्तम साधकालाही ईर्यासमिती पाळता येणार नाही. म्हणजेच दाटी झाल्यावर माणसाचा विवेक निरुपयोगी होतो. तो वापरायचा तर दाटी होण्यापूर्वी, आणि तोही आयोजकांनी. प्रमादामुळे होणाऱ्या प्राणहानीला शास्त्रकारांनी हिंसा म्हटले आहे. अरुंद दार, ओली पायरी, डळमळीत मचाण हे जाणून-बुजून केलेले पाप नव्हे. पण तो प्रमाद खचितच आहे. आणि प्रमादाचा प्रतिकार म्हणजे जयणा.

शिस्तीचे देशी नमुने

निराश होण्याचे मात्र कारण नाही. लाखोंचा समुदाय सुखरूप चालवण्याची कला याच मातीत विकसित झाली आहे. आळंदी ते पंढरपूर ही वारी पाहावी. हैबतबाबा आरफळकर यांनी पालखी सोहळ्याला जी शिस्त घालून दिली ती आजही टिकून आहे. माणसे एकेकटी, विस्कळीत चालत नाहीत. ती दिंड्यांमध्ये विभागलेली असतात. रथापुढच्या आणि रथामागच्या प्रत्येक दिंडीला क्रमांक आणि जागा ठरलेली असते. दोन दिंड्यांमध्ये अंतर राहते. ते अंतर धक्का पुढे जाऊ देत नाही. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग शांत होतात. एका दंडाने हजारोंना एकाच क्षणी निरोप पोहोचतो. मागच्याला पुढचे कळत नाही, या गर्दीच्या मूळ दुखण्यावरचा हा सोपा उपाय आहे.

नाशिकनेही २००३ च्या दुःखापासून बोध घेतला. २०१५ च्या सिंहस्थात घाट वाढवले गेले, येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे केले गेले आणि भाविकांना टप्प्याटप्प्याने सोडले गेले. पावलांचा दाब ओळखून माणसे मोजणारी एक चटईही तेथे अजमावण्यात आली. ती तयार करण्यात नाशिकच्या एका शालेय विद्यार्थ्याचा पुढाकार होता. तो सिंहस्थ अशा दुर्घटनेवाचून पार पडला. आपल्या जिल्ह्यात दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत माणसांबरोबर घोड्यांचीही मोठी ये-जा असते. तेथे मोकळ्या मैदानाचे मोल किती असते, हे ती यात्रा पाहिलेल्यांना सांगावे लागत नाही.

तीन द्रव्यांचा दृष्टान्त

या विषयाचे सार जैन तत्त्वज्ञानात फार सुंदर रीतीने आले आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्र’ ग्रंथात द्रव्यांचे विवेचन आहे. त्यांतील धर्मास्तिकाय जीव आणि पुद्गल यांच्या गतीला साहाय्य करतो. जसे पाणी माशाला पोहण्यास साहाय्य करते. पाणी माशाला ढकलत नाही. मासा पोहू लागला तर त्याला आधार देते. अधर्मास्तिकाय स्थितीला साहाय्य करतो. जसे वाटसरूला झाडाची सावली. सावली कोणाला बळेच थांबवत नाही. थांबू इच्छिणाऱ्याला जागा देते. आकाशास्तिकाय सर्वांना अवगाह म्हणजे अवकाश देतो. हे द्रव्यांचे स्वरूप आहे, व्यवस्थापनाचा ग्रंथ नव्हे, याचे भान ठेवूनच हा दृष्टान्त घ्यावा. तथापि चांगल्या आयोजकाचे तीन गुण यात जणू मांडलेले आहेत.

पहिला गुण गतीचा. आयोजकाने माणसांना ढकलू नये, ओरडू नये. वाट मोकळी आणि स्पष्ट ठेवावी. येण्याचे दार वेगळे, जाण्याचे वेगळे असावे. चपला दाराच्या तोंडाशी न काढता बाजूच्या मोकळ्या जागेत काढण्याची सोय असावी. प्रक्षालाचे किंवा पिण्याचे पाणी सांडून फरशी ओली झाली असेल तर ती लगेच पुसणारा कार्यकर्ता नेमलेला असावा.

दुसरा गुण स्थितीचा. थांबण्याच्या जागा आधीच ठरवाव्यात. स्वामीवात्सल्याच्या वेळी पंगतीबाहेर उभ्या राहणाऱ्यांसाठी सावली, बाक आणि पाणी असले तर कोणी दारात दाटी करत नाही. वरघोड्यात वारीप्रमाणे गट पाडावेत आणि दोन गटांत अंतर राखावे. वृद्ध, गर्भवती आणि लहान मुलांना सर्वांत आधी किंवा सर्वांत शेवटी, स्वतंत्र वाटेने सोडावे.

तिसरा गुण अवकाशाचा. सभागृहात किती माणसे मावतात याचा आकडा ठरवावा, तो दारावर लिहावा आणि तो गाठला की नम्रपणे दार बंद करावे. येथे विश्वस्तांच्या मनाची खरी परीक्षा असते. पाहुण्याला ‘थोडे थांबा’ म्हणणे संकोचाचे वाटते. दुरून आलेल्या नातलगाला परत पाठवणे अपमानाचे वाटते. पण तो संकोच क्षणाचा असतो आणि दुर्घटनेचे दुःख जन्मभराचे. बाहेर पडदा किंवा ध्वनिक्षेपक लावून कार्यक्रम दाखवता-ऐकवता आला तर अपमानही होत नाही.

प्रभावनेविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे सांगितले पाहिजेत. प्रभावना हा आनंदाचा आणि अनुमोदनेचा भाग आहे. परंतु ती बहुधा बाहेर पडण्याच्या दारातच दिली जाते. म्हणजे सर्वांना एकाच वेळी बाहेर जायचे असते तेव्हाच दारात प्रत्येकाला क्षणभर थांबवले जाते. जावक कमी आणि आतली आवक चालू, अशी ती स्थिती होते. तीच प्रभावना दारापासून तीस-चाळीस पावले दूर, मोकळ्या पटांगणात, चार-पाच ठिकाणी दिली तर पुण्यात काहीही उणे होणार नाही आणि दारही मोकळे राहील. काहीही उधळू मात्र नये. खाली पडलेले उचलण्यासाठी माणूस वाकतो आणि वाकलेला माणूस मागच्याला दिसत नाही.

शेवटी प्रत्येक श्रावकाने स्वतःपुरते काय करावे तेही पाहू. गर्दीत शिरताच दुसरी वाट कोठे आहे ते पाहून ठेवावे. दोन्ही खांद्यांना चारी बाजूंनी माणसे टेकू लागली तर पुढे न जाता कडेकडेने बाहेर पडावे. दाब वाढल्यास हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखावी. लाट आली तर तिच्याविरुद्ध जोर न लावता पाय जमिनीवर टिकवून तिच्याबरोबर सरकावे आणि लाट ओसरली की तिरके सरकत कडेला यावे. पडलेली वस्तू उचलू नये. पडलेला माणूस मात्र अवश्य उचलावा. लहान मुलाला बोटाला धरून चालवण्याऐवजी उचलून घ्यावे.

पाण्याला स्वतःची वाट निवडता येत नाही. समुदायाला ती आधी विचार करून आखता येते. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, ही जिनशासनाची शिकवण आहे. गर्दीत शेजारच्याला श्वासापुरती जागा देणे हा त्या उपकाराचा अगदी लहान, परंतु अत्यंत मोलाचा प्रकार होय. पन्नास वर्षे ज्या ट्रस्टने समाजाला एकत्र आणले, त्याच्या पुढील वाटचालीत प्रत्येक कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी विश्वस्तांच्या बैठकीत तीन प्रश्न विचारले जावेत: माणसे किती येणार, दारे किती आणि केवढी, आणि मोजणार कोण? एवढा पायंडा पडला तरी सुवर्णमहोत्सवाची ती कायमची आठवण ठरेल.

महोत्सवाच्या सर्व कार्यक्रमांना शुभेच्छा. या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास किंवा कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!